मुहूर्ताची गोळी

कॅन्सर त्यांना चालला. कोड चालेना.

विट्याच्या सूर्यवंशींबद्दल बोलतेय मी. माझ्या शर्वरीला बघायला आले तेव्हा त्यांनी जन्मपत्रिका मागितलीच नाही. हल्ली कोण मागतं? आरोग्यपत्रिका मागितली. मुलीचं रक्त, मुलीच्या आईबापाचं रक्त, कुणाला काय झालं, कुणाच्या पेशीत काय दडलंय, सगळं एका कागदावर. माझ्या नावापुढं ठळक छापलेलं : स्तनाचा कॅन्सर, चौथा टप्पा. मी म्हटलं, झालं, आता चहा पिऊन उठतात ही मंडळी. पण मुलाच्या आईनं चष्मा सरकवून पुढचं वाचलं. तो दोष शर्वरीत उतरलेला नाही, असं तिथं लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, "आजार काय, कुणालाही होतो. मुलगी स्वच्छ आहे ना, मग झालं."

स्वच्छ! मी पोह्यांची बशी पुढं केली. पोरीला मुलगा आवडला होता, आणि त्याआधी माझ्या आजारपणापायी चार स्थळं परत गेली होती.

मी वैजयंता माने. वय एक्कावन्न, तासगाव डेपो. चोवीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. आता गाडीच्या दारातच यंत्र बसलंय, माणूस चढला की त्याच्या फोनमधून भाडं कापलं जातं. आम्हाला डेपोतल्या काचेच्या खोलीत संगणकाच्या पडद्यांपुढं नेऊन बसवलंय. काम गेलं पण आवाज गेला नाही. त्यामुळं जे सांगायचं ते मी मोठ्यानंच सांगते. ज्याला टोचेल त्याला टोचू दे.

गाठ मी वर्षभर अंगावर काढली, हे माझंच चुकलं. सापडली तेव्हा बरगडीत गेली होती, फुप्फुसात गेली होती, लिव्हरमध्ये दोन ठिकाणी बसली होती. दोन तऱ्हेची केमो झाली. केस गेले, चव गेली, गाठी जागच्या जागी. मग मिरजेच्या नव्या केंद्रात डॉक्टर अफशां मुजावर भेटली. माझ्या निम्म्या वयाची पोर, आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट.

ती म्हणाली, "वैजयंताताई, आपण फक्त बरगडीतल्या गाठीवर किरण टाकायचे. बाकीच्यांना हात लावायचा नाही."

"का? एकीतच दमता काय तुम्ही?"

ती हसली नाही. कागद ओढून चित्र काढायला लागली. "तुमच्या रक्तात टी पेशी आहेत. परक्याला ओळखून मारायचं, हे त्यांचं काम. पण कॅन्सरची पेशी तुमच्याच अंगातली, म्हणून ती खपून जाते. वर ती या टी पेशींचा ब्रेकही दाबून धरते. आपण एका गाठीवर तीन दिवस नेम धरून जबर किरण टाकतो. तुमचा श्वास जसा खालीवर होतो तसं यंत्र सरकतं, तांदळाच्या दाण्याएवढीही चूक होत नाही. ती गाठ फुटून मरते आणि तिचे तुकडे सगळीकडं पसरतात. त्या तुकड्यांवरून टी पेशी कॅन्सरची ओळख शिकतात. त्याच आठवड्यात आपण सलाइनमधून औषध देतो, ते दाबलेला ब्रेक सोडवतं. मग या शिकलेल्या पेशी अंगभर फिरतात आणि ओळख पटेल तिथं हल्ला करतात. जिथं आम्ही किरण टाकलेच नाहीत, तिथंसुद्धा."

"म्हणजे एकाचा खोटा पास पकडायचा आणि तो सगळ्या कंडक्टरांना दाखवायचा."

"अगदी तसंच," ती म्हणाली. "पूर्वी असं क्वचित कुणाच्या बाबतीत घडायचं. आता औषधात नवा घटक आलाय, निम्म्या लोकांत घडतं. पण त्याचा एक त्रास आहे. या पेशी चेकाळल्या की कातडीत रंग बनवणाऱ्या पेशींवरही तुटून पडतात. अंगावर पांढरे डाग येतील. दिसायला कोडासारखे. एकाचे दुसऱ्याला होत नाहीत, तुमच्या मुलीत उतरणार नाहीत. आणि डाग आले, तर पेढे वाटा. औषध लागू पडल्याची तीच खूण."

किरण आणि औषध झाल्यावर एकोणिसाव्या दिवशी उजव्या कानाखाली पहिला डाग आला, रुपयाएवढा. मग मनगटावर, मग वरच्या ओठाच्या कडेला. महिन्यानं स्कॅन झाला. लिव्हरमधली एक गाठ गायब, दुसरी आक्रसलेली, फुप्फुसातली निम्मी. त्या तिखट पोरीनं मला मिठी मारली. मी खरंच मिरजेहून पेढे घेऊन आले.

पहिला पेढा द्यायला गेले ते सुनंदा वन्संकडं. या माझ्या थोरल्या नणंद, विधवा, आमच्याच गल्लीत समोर राहतात. सत्तावीस वर्षं आमचं पटलेलं नाही. मी कंडक्टर झाले तेव्हा गल्लीभर म्हणत होत्या, बाईमाणसानं गाडीत शिट्टी फुंकायची म्हणजे घराची अब्रू गेली. सूर्यवंशींचं स्थळ मात्र त्यांनीच आणलेलं.

त्यांनी पेढ्याकडं बघितलंच नाही. माझ्या ओठाकडं बघितलं. "अगं बया! वैजे, हे कोड गं!"

"कोड नाही, औषधाचा डाग आहे. मी बरी होतेय, वन्सं."

"तू बरी हुशील गं. तू लोखंडाची हाईस, तुला काय हुतंय? पोरीच्या साखरपुड्याला बावीस दिस राहिलेत. चारशे माणूस येणार. त्यातल्या कुणाकुणाला सांगत बसशील, औषधाचा हाय म्हणून?" आणि आत जाऊन त्यांनी एक पाकीट आणलं. "ही घे. मुहूर्ताची गोळी. सगळं जग घेतंय."

ही गोळी कुणाला माहीत नाही असं घर आता आपल्याकडं नसेल. कोडावरचं नवं औषध. रंगपेशींवर चालून जाणाऱ्या त्याच टी पेशींना ती झोपवते, तीन आठवड्यांत कातडीचा रंग भरून येतो. औषध म्हणून चांगलंच आहे, ज्यांना हवं त्यांनी घ्यावं. पण लोकांनी तिचं काय केलं? लग्नसराईच्या तोंडावर मेडिकलपुढं रांगा. मुलगी बघायला येणार, द्या गोळी. सुपारी फुटायचीय, द्या गोळी. मेडिकलवालेच तिला मुहूर्ताची गोळी म्हणायला लागले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जी पेशी माझा जीव वाचवतेय तिला मी झोपवू? कशासाठी, सूर्यवंशींच्या फोटोसाठी?" पाकीट मी सगळ्या गल्लीदेखत रस्त्यावर भिरकावलं. वन्सं ते उचलायला खाली वाकल्या. मी दार आपटून घरी आले.

दोन दिवसांनी विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल. हवापाण्याचं बोलणं झालं आणि मग हळूच, "तुमच्या ओठापाशी काय झालंय हो?" मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आम्ही समजू शकतो. पण आमच्याकडची माणसं जुन्या वळणाची. साखरपुड्यापर्यंत तेवढं नीट दिसू दे, काय? नाहीतर मग विचार करावा लागेल आम्हाला." शर्वरी शेजारीच बसली होती. ती उठून आत गेली.

शर्वरी सव्वीस वर्षांची. औषधशास्त्र शिकली, पुण्याच्या कंपनीतली नोकरी माझ्या आजारपणात सोडून आली आणि आता सांगलीत एका मेडिकलमध्ये कामाला जाते. घरात चहासुद्धा करायची नाही. पण त्या कॉलनंतर दुसऱ्या दिवसापासून ती लवकर उठून माझ्यासाठी नाचणीची आंबील करायला लागली. ताक घालून, जिरं घालून, वाडग्यात कोमट करून हातात आणून द्यायची आणि मी संपवेपर्यंत शेजारी बसायची. मी डेपोत सगळ्यांना सांगत सुटले, लेक असावी तर अशी.

दोन आठवड्यांत ओठाजवळचा डाग कडेनं भरायला लागला. मनगटावरचा फिका झाला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आरशापुढं उभी राहून मी ओठ ताणून ताणून बघत होते. नंदकुमार, माझा नवरा, शाळेत हेडक्लार्क आहे, तोंडातून शब्द काढायचा तर आधी तीनदा विचार करणारा माणूस. तोसुद्धा म्हणाला, "चांगलं दिसतंय आता." मनात आलं, देवानंच दोन्ही साधलं, पोरीचं लग्नही आणि माझा जीवही. मूर्ख बाई मी.

पुढच्या तपासणीला डॉक्टर मुजावरनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"डाग कुठं गेले?"

"आपोआप गेले."

"आपोआप काही जात नसतं." तिनं लगेच रक्त घ्यायला लावलं, स्कॅन करायला लावला. चार तास बाकड्यावर बसवून ठेवलं. मग आत बोलावून पडदा माझ्याकडं वळवला. फुप्फुसातली गाठ पुन्हा वाढली होती. लिव्हरमधली आक्रसलेली गाठ पुन्हा पहिल्याएवढी झाली होती. "तुमच्या टी पेशी झोपल्यात. झोपल्यात म्हणजे झोपवल्यात. कसली गोळी घेताय?"

"एकही नाही. देवाशपथ."

"ताई, मला शपथा नकोत. तुमच्या रक्तात औषध सापडलंय. कोडावरची गोळी. मुहूर्ताची म्हणता ना तुम्ही लोक, ती. पंधरा दिवस तरी पोटात जातेय." तिचा आवाज चढला होता, बाहेरच्या बायका आत डोकावत होत्या. "मी इथं जीव तोडून एकेक पेशी शिकवतेय आणि तुम्ही घरी जाऊन त्यांना झोपवताय? लग्न आहे म्हणून? मरायचंय का तुम्हाला?"

आयुष्यात मला कुणी असं झापलं नव्हतं. मी पडद्यावरच्या गाठीकडं बघत बसले. मग ती जरा शांत झाली. म्हणाली, "शिकलेल्या पेशी थोड्या उरल्यात. त्या संपायच्या आत लिव्हरमधल्या गाठीवर किरण टाकायचे, पुन्हा शिकवायचं. शुक्रवार, शनिवार, रविवार. पुढचा आठवडा म्हणाल तर मी हमी देणार नाही. आणि या वेळी औषध जास्त लागेल. पेशी शिकलेल्याच आहेत, म्हणून डाग दोन-तीन दिवसांतच दिसायला लागतील, तोंडभर येतील, बहुधा कायमचे राहतील."

रविवारी साखरपुडा होता.

तासगावात उतरले ती थेट वन्संच्या दारात. गल्लीत बायका लसूण निवडत बसल्या होत्या, त्यांच्यादेखत मी तोंड सोडलं. "मारायला निघालात मला? सत्तावीस वर्षं बोलून पोट भरलं नाही म्हणून आता जेवणात औषध घालता?" परवाच त्यांच्याकडून गवारीची भाजी आली होती, तेही काढलं. त्यांच्या मेलेल्या नवऱ्यापर्यंत गेले मी. काय काय बोलले ते सांगवत नाही.

वन्सं ओट्यावर उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. मग आत गेल्या आणि ते पाकीट घेऊन आल्या. रस्त्यावरच्या धुळीचा डाग अजून होता त्याच्यावर. "मोज," म्हणाल्या. "धाच्या धा हाईत. मी तोंडावर सांगितलं, घे म्हणून. तू फेकलीस. संपला विषय. तुझ्या ताटात चोरून घालायला मी काय तुझ्या बापाला भ्याले?"

दहाच्या दहा होत्या. गल्लीतल्या बायका लसूण सोडून माझ्याकडं बघत होत्या. मी माफी मागितली नाही, मला सुचलंच नाही. घरी आले आणि कॉटवर बसून विचार करायला लागले. भात, भाजी, भाकरी सगळ्यांसाठी एकाच भांड्यात होते. चहा सगळ्यांना. गवारीची भाजी नंदकुमारनं तर माझ्यापेक्षा जास्त खाल्ली. मग माझ्या एकटीच्या पोटात जातं असं काय आहे?

मी स्वतःलाच शिव्या दिल्या, असलं मनात आणलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरीनं वाडगा आणून हातात दिला. मी म्हटलं, "बस."

"उशीर होतोय, आई. सव्वाआठची गाडी चुकेल."

"गाड्यांच्या वेळा मला शिकवू नकोस. बस. आज तू पी."

"मी चहा घेतलाय."

"एक घोट घे."

तिनं वाडग्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग खाली बसली आणि म्हणाली, "आई, अर्धीच होती."

मला सगळं कळलं होतं. तरी मी विचारलं, "अर्धी काय?"

"गोळी. रोज अर्धीच घालत होते. मी डोस काढला होता नीट. वीस दिवस अर्धी घेतली तर नंतर शरीर पूर्ववत होतं, मी वाचलं होतं. रविवारनंतर बंदच करणार होते."

"कुणावर केलेलं वाचलंस? कॅन्सरच्या बाईवर?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"बोल की. शिकलीयस ना?"

"कोड असलेल्यांवर," ती म्हणाली.

मी हात उचलला होता. मारलं नाही. वाडगा मोरीत ओतला. मग वाडगाही मोरीतच टाकला. म्हटलं, "फुप्फुसातली वाढलीय परत. लिव्हरमधली वाढलीय. तुझ्या अर्ध्या गोळीनं."

ती रडेल असं वाटलं होतं. ती उसळली. "आणि माझं काय? तीन वर्षं या घरात तुझ्या आजाराशिवाय दुसरा विषय नाही! पुणं सोडलं मी. चार स्थळं तुझा कागद बघून उठून गेली. चार! हा पहिला मुलगा, जो मला हवाय. तू बरी होत होतीस, एक गाठ गेली होती, डॉक्टर पेढे वाटायला सांगत होत्या. तू गल्लीत पाकीट फेकून मोकळी झालीस. एकदा तरी मला विचारलंस, शर्वरी तुला काय वाटतं?"

नाही विचारलं. ते खरं आहे. पण म्हणून ताकात औषध?

नंदकुमार दारात येऊन उभा होता. "हळू बोला," म्हणाला. "आजूबाजूला ऐकू जातंय."

"ऐकू दे. तुम्हाला कळलं का हिनं काय केलंय ते?"

तो चप्पल शोधायला लागला. सत्तावीस वर्षांचा संसार आहे, या माणसाचं चप्पल शोधणं मला कळतं. "तुम्हाला माहीत होतं?"

"आठ दिवसांपूर्वी कळलं. मी म्हटलं तिला, बरं नाही हे. रविवारनंतर बंद करते म्हणाली." मग अगदी कळवळून म्हणाला, "वैजू, झालं ते झालं. आता एवढा रविवार होऊ दे. सोमवारी मी स्वतः तुला मिरजेला घेऊन जातो."

"डॉक्टरनं शुक्रवार सांगितलाय."

"तीन दिवसांनी काय होतंय?"

कुंपणानंच शेत खाल्लं, म्हणतात ना, ते मी आजवर दुसऱ्यांच्या घरांबद्दल म्हणत आले होते. मी पिशवी भरली. कुणी आडवं आलं नाही. शर्वरी स्वयंपाकघरात तशीच बसून होती. मी बाहेर पडले आणि स्टँडवर जाऊन मिरजेची गाडी धरली.

डॉक्टर मुजावरला मी सगळं सांगितलं. तिनं एका शब्दानंही पोरीला नावं ठेवली नाहीत, आणि मला त्याचाच राग आला. मग तिनं एक फॉर्म पुढं केला. "आता नियमानं हा भरावा लागेल, ताई. ज्यांच्या रक्तात असं औषध सापडतं, त्यांना सहा आठवडे इथल्या धर्मशाळेत राहावं लागतं, सोबत एक जबाबदार माणूस. तुमच्या तोंडात जाणारा प्रत्येक घास, प्रत्येक गोळी त्या माणसाच्या हातून. या नावाशिवाय मला यंत्र सुरू करता येत नाही."

"मी माझी जबाबदार."

"स्वतःचं नाव चालत नाही."

"मग तुम्ही व्हा."

"माझंही चालत नाही. ज्याच्यावर तुमचा डोळे मिटून विश्वास आहे असं कुणीतरी सांगा. आहे ना कुणी?"

पेन हातात धरून मी किती वेळ बसले कुणास ठाऊक. नवरा, नाही. लेक, नाही. भाऊ दुबईला. डेपोतल्या मैत्रिणी हातावर पोट असलेल्या, त्या सहा आठवडे कुठून येणार? एक्कावन्न वर्षं जगले, चोवीस वर्षं हजारो माणसांची ने-आण केली, आणि एका रकान्यात लिहायला नाव सापडेना. तेव्हा मात्र मी रडले. डॉक्टर समोर बसलेली होती, तरी रडले.

मग मी लिहिलं. डॉक्टरनं वाचलं. "सुनंदा जाधव. कोण या?"

"माझी नणंद."

"ज्यांच्यावर तुम्ही आळ घेतलात त्या?"

"त्याच. सत्तावीस वर्षं ही बाई माझं वाईट बोलतेय. पण एकदाही पाठीमागं नाही."

फोन मी तिथूनच लावला. पलीकडून पहिलं वाक्य आलं, "आता काय चोरलं मी तुझं?"

मी सगळं सांगितलं. शर्वरीचं सांगितलं, नंदकुमारचं सांगितलं. वन्संनी ते सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "आन् माझंच नाव घातलंस? गल्लीत मला खुनी ठरवून?"

"ठरवलं. चुकलं माझं."

"माझ्या मालकांपतूर गेलीस तू."

"गेले. तेही चुकलं."

"रविवारी साखरपुडा हाय. मी जुळवलेलं लगीन हाय ते. मी न्हाई गेले तर लोक काय म्हणतील?"

"मग जा तुम्ही. मी दुसरं नाव बघते." दुसरं नाव नव्हतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

फोनवर भांडी आपटल्याचा आवाज आला. "बाजरीची भाकरी चालती का तुला, का तीबी न्हाई?" वन्संनी विचारलं.

शुक्रवारी त्या आल्या त्या शेगडी, तवा, पिठाचा डबा आणि स्वतःची पाण्याची कळशी घेऊन. डॉक्टरनं अंगठा लावायला सांगितला, तर म्हणाल्या, मला सही येते. मग तीन दिवस मी त्या थंडगार यंत्राखाली झोपत होते, यंत्र माझ्या श्वासाबरोबर सरकत होतं, आणि बाहेर आल्यावर वन्संचं तोंड सुरू व्हायचं. मीठ कमी मागते म्हणून, पाय न धुता कॉटवर बसते म्हणून, घोरते म्हणून. मी उलट बोलायची. शेजारच्या खोलीतल्या बाईला वाटलं, आमचं आता हातघाईवर येणार. पण नर्सनं आणलेली साधी तापाची गोळीसुद्धा वन्सं आधी डॉक्टरला नेऊन दाखवायच्या आणि मगच माझ्या हातावर ठेवायच्या.

रविवारपर्यंत डाग कपाळावर आला. एका पापणीचे केस पांढरे झाले.

त्या दिवशी दुपारी वन्सं फोनवर साखरपुड्याचे फोटो बघत बसल्या होत्या. सूर्यवंशींना सांगितलं होतं, मुलीच्या आईला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. विहीणबाईंनी फार विचारलं नाही म्हणे. वन्संनी फोन माझ्यापुढं धरला. शर्वरी हिरव्या शालूत, बोटात अंगठी, हसतेय. मी म्हटलं, "बंद करा ते." त्यांनी बंद केला. पोरगी गोड दिसत होती आणि ते मला सहन होत नव्हतं.

पाचच्या सुमारास दारावर टकटक झाली. वन्संनी दार हातभर उघडलं. बाहेर शर्वरी. तोच शालू, गजरा चुरगळलेला, हातात स्टीलचा डबा. विट्याहून सरळ इकडं आली असणार.

"आत्या, आईला जेवण आणलंय. साखरपुड्याचं. पुरणपोळी आहे."

"बाहेरचं चालत न्हाई तिला."

"बाहेरचं कुठं? मी आणलंय."

"म्हणूनच," वन्सं म्हणाल्या.

शर्वरीचा चेहरा मला दाराच्या फटीतून दिसत होता. तिनं माझ्याकडं बघितलं. कपाळावरचा डाग, पांढरी पापणी, सगळं बघितलं. डबा तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. माझ्या मनात तिच्याबद्दल माया उरली होती का? उरली होती, तीच तर चीड आणत होती. माफ केलं होतं का? अजिबात नाही. आजही नाही.

वन्सं दाराला टेकून माझ्याकडं बघत होत्या. लावू का दार, असं त्यांचे डोळे विचारत होते. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी लावलं असतं, पोरीच्या तोंडावर लावलं असतं.

"डबा बाहेर ठेव," मी शर्वरीला म्हटलं. "आणि आत ये."

तिनं वाकून डबा बाहेरच्या बाकड्यावर ठेवला, डोळे पुसले आणि उंबऱ्यात पाऊल टाकलं. वन्सं दारातून हलल्या नाहीत. शर्वरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी हात पुढं केला.

"पर्सपण," त्या म्हणाल्या.